पालकसंघ : स्वायत्त की संलग्न?



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या शाळेत पालकांच्या सभा भरविण्याचा शिरस्ता, शिक्षणखात्याचे तसे एकही फर्मान नसताना, निव्वळ स्वतःच्या विवेकबुद्धीने पाळला होता; तेव्हा त्यांच्या नावे बोलण्याचा मान मिळाल्यावर पालकांच्या संघटनेचाच विषय मी आपणापुढे मांडावा, हे औचित्याला धरून होईल असे मला वाटते. उदाहरण मात्र मी दूरदेशीचे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतले घेणार आहे. तसे करण्यास दोन कारणे आहेत. एक असे की, शाळेतल्या पालकसंघाने स्वतंत्र राहावे की राष्ट्रव्यापी महासंघाशी संलग्न व्हावे, हा प्रश्न त्या देशात पालकांच्या सभेपुढे ठरावाच्या रूपाने येतो, त्यावर वाद होतो आणि मते मोजली जातात. दुसरे असे की, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत विखुरलेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील आई-वडिलांनाही आता त्या सभांतून हात वर करावा लागतो, आणि तो कोणत्या बाजूने करावा याचा विचार करताना त्यांच्या हाती बहुधा वर्गणीच्या आकड्यांपलीकडे काही नसते.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांतून पालक आणि शिक्षक यांचे जे संघ असतात, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातले संघ आपापल्या राज्याच्या आणि त्या मार्गाने राष्ट्राच्या महासंघाशी जोडलेले असतात, पी.टी.ए. हे नाव धारण करण्याचा अधिकार त्यांचाच, कारण ते नाव महासंघाने कायद्याने आपल्या मालकीचे म्हणून नोंदविले आहे. दुसऱ्या वर्गातले संघ कोणाशीही बांधलेले नसतात. त्यांना सामान्यतः पी.टी.ओ. म्हणतात, आणि कोठे कोठे 'होम अँड स्कूल असोसिएशन' अशीही त्यांची नावे आढळतात. परक्याने जाऊन पाहिले तर दोहोंत त्याला काडीचा भेद दिसणार नाही. पुस्तकांची जत्रा, घरी केलेल्या पदार्थांची विक्री, शिक्षकांचा सत्कार, सहलीच्या बसभाड्याची तरतूद ही कामे दोन्हीकडे त्याच उत्साहाने आणि बहुधा त्याच चार-दोन थकलेल्या कार्यकर्त्यांच्या हातून होतात. भेद उघड होतो तो वार्षिक सभेत, खजिनदाराने जमाखर्च वाचून दाखविताना 'राज्य व राष्ट्रीय वाटा' या सदराखालची रक्कम उच्चारली, आणि मागच्या बाकावरच्या कोणी 'या पैशाच्या बदल्यात आपल्या शाळेला काय मिळते?' असे विचारले म्हणजे.

हा प्रश्न रास्त आहे. परंतु हा महासंघ कोणी आणि कशासाठी उभारला हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येणार नाही. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टन येथे 'नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स' या नावाने मातांची एक परिषद भरली. अॅलिस मॅक्लेलन बर्नी या तिच्या प्रवर्तक होत्या. खाणमालक आणि सिनेटर जॉर्ज हर्स्ट यांच्या विधवा पत्नी फीबी अॅपरसन हर्स्ट यांनी द्रव्यबळ पुरविले. आणि दोन हजारांवर माणसे जमली. अमेरिकन स्त्रियांना राष्ट्रव्यापी मताधिकार मिळाला तो १९२० साली. म्हणजे ज्यांना मत नव्हते अशा स्त्रियांनी, ज्यांना मत कधीच नसते अशा मुलांच्या वतीने कायदेमंडळांकडे दाद मागण्यासाठी ही संस्था काढली. एकेका गावच्या मातांचा अर्ज एकेका गावच्या शाळामंडळाने केराच्या टोपलीत टाकला असता. पण तोच अर्ज जेव्हा शेकडो गावांतून, एकाच मसुद्यात, एकाच हंगामात राजधानीत रुजू होऊ लागला, तेव्हा त्याची दखल घेणे कायदेमंडळांना भाग पडले. निराधार मातांना मुले घरीच सांभाळता यावीत म्हणून सरकारी वेतन देण्याचा कायदा १९११ साली इलिनॉय राज्यात झाला आणि १९२० पर्यंत चाळीस राज्यांनी तसे कायदे केले; त्या चळवळीत स्त्रियांच्या ज्या संघटना अग्रभागी होत्या त्यांत ही एक होती. बालमजुरीचे निर्बंध, बालगुन्हेगारांची वेगळी न्यायालये, शाळेतले गरम जेवण या प्रश्नांवरही तिने असेच श्रम केले. १९०८ मध्ये तिच्या नावात पालक-शिक्षक संघांचा समावेश झाला, १९२४ मध्ये तिने पालक आणि शिक्षक यांची राष्ट्रीय परिषद असे रूप धारण केले, आणि १९५४ साली डॉक्टर साल्क यांच्या पोलिओच्या लसीची चाचणी सुमारे अठरा लाख मुलांवर झाली, तेव्हा शाळाशाळांतून राबलेल्या स्वयंसेवकांत या संघांच्या माता मोठ्या संख्येने होत्या.

या संघटनेची घडणही लक्षात घेण्यासारखी आहे. शाळेचा मूळ संघ, त्यावर परगण्याची किंवा जिल्ह्याची परिषद, तिच्यावर राज्याचा महासंघ आणि सर्वांच्या वर राष्ट्रीय संस्था, अशी ही उतरंड आहे. पन्नास राज्ये, कोलंबिया जिल्हा, पोर्टो रिको, व्हर्जिन बेटे आणि युरोपातील अमेरिकी लष्करी तळांवरच्या शाळा मिळून चोपन्न घटक तिच्यात मोडतात. १८३१ साली अमेरिकेत आलेल्या तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंताने तेथील माणसांच्या संघ काढण्याच्या हौसेचे केलेले वर्णन सर्वश्रुत आहे. परंतु थीडा स्कॉचपोल या विदुषीने त्यात महत्त्वाची भर घातली. तिने असे दाखवून दिले की त्या देशातील ज्या लोकसंघटना दीर्घकाळ टिकल्या आणि ज्यांनी कायदे घडविले, त्यांतील बहुतेकांनी गाव, राज्य आणि राष्ट्र ही शासनाचीच त्रिस्तर रचना स्वीकारली होती. त्यामुळे गावच्या सभेत ठराव मांडायला शिकलेली बाई पुढे राज्याच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून उभी राहू शके, आणि राजधानीतले धोरण परत गावच्या सभेत येऊन कसोटीला लागे.

आता मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचा हिशेब करू. राष्ट्रीय संस्थेचा वाटा अनेक वर्षे दर सभासदामागे सव्वादोन डॉलर राहिला. राज्याचा वाटा राज्यागणिक वेगळा. म्हणजे चारशे सभासदांच्या शाळेतून राष्ट्रीय वाट्यापोटी नऊशे डॉलर बाहेर गेले. बदल्यात काय आले? बहुतेक राज्यांत संलग्न संघाला राज्यमहासंघाच्या सामूहिक सनदेखाली करमाफी मिळते, त्यासाठी वेगळी दरखास्त करावी लागत नाही. तयार नियमावली मिळते, हिशेब तपासण्याची ठरीव पद्धत मिळते, पदाधिकाऱ्यांना शिकविणारी माणसे मिळतात, आणि १९६९ पासून चालत आलेल्या 'रिफ्लेक्शन्स' या मुलांच्या कलास्पर्धेत भाग घेण्याचा हक्क मिळतो. याउलट स्वतंत्र संघाला संघराज्याच्या महसूलखात्याकडे ५०१ (सी) (३) या कलमाखाली स्वतःचा अर्ज करावा लागतो. मिळकत वर्षाला पन्नास हजार डॉलरांच्या आत असेल तर २०१४ पासून त्यासाठी एक संक्षिप्त अर्ज उपलब्ध आहे. त्याची फी २७५ डॉलर, आणि सविस्तर अर्जाची ६०० डॉलर. त्याला आपली घटना आपणच लिहावी लागते आणि विमा आपणच उतरवावा लागतो. परंतु हे काम एकदाचे झाले की दरसालचा वाटा वाचतो. शिवाय १९९९ साली सुरू झालेल्या 'पीटीओ टुडे' या नियतकालिकाने आणि त्याच्या भोवती वाढलेल्या व्यवसायाने स्वतंत्र संघांना सल्ला, नमुने आणि विमा हे सारे बाजारभावाने मिळण्याची सोय करून ठेवली आहे. तेव्हा केवळ जमाखर्चाच्या वहीवर हा वाद सोडवायचा म्हटले, तर दोन-तीन वर्षांच्या मुदतीत स्वतंत्र संघच फायद्यात निघेल, हे मला निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

स्वतंत्रतेच्या बाजूने याहून वजनदार मुद्देही आहेत. महासंघ धोरणे ठरवितो. सार्वजनिक पैसा पालकांच्या हाती देऊन त्यांना खाजगी शाळा निवडू देण्याच्या योजनेला राष्ट्रीय संस्थेचा विरोध आहे. तो योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला, तरी ज्या पालकाला ती योजना इष्ट वाटते त्याची वर्गणीही त्याच विरोधाच्या कामी लागते, हे खरे आहे. शार्लीन हार या लेखिकेने २००२ साली याच विषयावर पुस्तक लिहून, महासंघ शिक्षकांच्या कामगारसंघटनांच्या कच्छपी लागला आहे असा आरोप केला होता. शिवाय बाहेर पडण्याची वाट सरळ नाही. संलग्न संघाच्या नियमावलीत बहुधा असे कलम असते की, संलग्नता सोडताना जवळची शिल्लक राज्यमहासंघाकडे किंवा त्याने मान्य केलेल्या धर्मादाय कार्याकडे सोपवावी. गावातल्या आयांनी केक विकून जमविलेली पुंजी अशा रीतीने हातची गेली म्हणजे त्यांना ती खंडणी वाटावी, यात नवल ते काय?

परंतु स्वातंत्र्याचेही एक शासन असते, आणि ते महासंघाच्या शासनाहून कडक असते. अमेरिकेतील धर्मादाय संस्थेने लागोपाठ तीन वर्षे आपले वार्षिक विवरणपत्र महसूलखात्याकडे पाठविले नाही, तर तिची करमाफी आपोआप रद्द होते. पालकसंघाचे पदाधिकारी दर एक-दोन वर्षांनी बदलतात. मूल वरच्या शाळेत गेले की त्याची आईही जाते, आणि दफ्तर कोणाच्या तरी तळघरातल्या खोक्यात राहते. संलग्न संघाला अशा वेळी राज्यमहासंघाचा तगादा येतो. स्वतंत्र संघाला कोणाचाच येत नाही, येते ती करमाफी गेल्याची नोटीस. खजिनदाराने विश्वासाने सोपविलेला पैसा खाल्ल्याच्या वार्ता त्या देशात दोन्ही प्रकारच्या संघांतून येतात. पण ताळेबंद तपासण्याचा दंडक जेथे वरून घालून दिलेला असतो तेथे तपासणी मागणाऱ्या शेजारणीला संशयखोर ठरावे लागत नाही. जेथे तो दंडक आपल्यालाच घालून घ्यायचा असतो, तेथे शेजारधर्म आड येतो. म्हणून स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या संघाने, हे ओझे पुढची दहा वर्षे कोण वाहील याचे उत्तर ठरावासोबत नोंदवून ठेवावे.

येथवर मी लाभालाभाचे बोललो. आता मला जो मुद्दा मुख्य वाटतो त्याकडे येतो. रॉबर्ट पुटनम या राज्यशास्त्रज्ञाने १९९५ साली अमेरिकन समाजजीवनाच्या क्षयाविषयी जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात एक पुरावा पालकसंघांचा होता: १९६४ साली एक कोटी वीस लाखांवर असलेली सभासदसंख्या १९८२ साली जेमतेम पन्नास लाखांवर आली आणि पुढे सत्तर लाखांपर्यंत सावरली. त्यावर एव्हरेट लॅड या अभ्यासकाने आक्षेप घेतला की, हे आकडे महासंघाचे आहेत, पालकांच्या सहभागाचे नाहीत. पुष्कळ शाळांतले संघ मेले नाहीत, ते फक्त महासंघातून निघून स्वतंत्र झाले. या वादात पुरता जय कोणाचा झाला हे ठरविण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, लॅडचे म्हणणे जितके खरे मानावे तितकी स्वतंत्र संघांची स्थिती अधिक चिंतनीय ठरते. ते होते, कामही करीत होते, आणि तरीही राष्ट्राच्या मोजणीत ते नव्हते. ज्या अभ्यासकाचे काम मोजण्याचे, त्याच्याही गणतीत जे आले नाहीत, ते मते मोजणाऱ्या लोकप्रतिनिधीच्या गणतीत कसे येणार?

महासंघ म्हणजे पुण्याची रास, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या इतिहासात एक मोठा डाग आहे. ज्या राज्यांत कायद्यानेच गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवलेल्या होत्या, तेथे पालकसंघही वेगळे राहिले. अटलांटा शहरातील योंग स्ट्रीट शाळेत सेलीना स्लोन बटलर या कृष्णवर्णीय विदुषीने १९११ साली पालक-शिक्षक संघ काढला, त्यातून राज्याची संघटना उभी केली, आणि १९२६ साली 'नॅशनल काँग्रेस ऑफ कलर्ड पेरेंट्स अँड टीचर्स' ही निराळी राष्ट्रीय संस्था स्थापिली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, तरी या दोन संस्था एक व्हायला १९७० साल उजाडावे लागले. हा विलंब महासंघाला भूषणावह नाही. तथापि या कथेतली एक गोष्ट माझ्या मते निर्णायक आहे. ज्यांना महासंघाच्या पंक्तीला बसू दिले नाही, त्या बटलरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आमची शाळा आणि आम्ही' म्हणून स्वस्थ बसण्याचा मार्ग पत्करला नाही. स्वतंत्र राहण्याचे सबळ कारण जगात कोणाला असेल तर ते त्यांना होते. आणि त्यांनी त्यावर उपाय योजला तो दुसरा महासंघ उभारण्याचा. फुटक्या इमारतीत जुनी पुस्तके वाचणाऱ्या आपल्या मुलांचा प्रश्न एका शाळेत सुटणारा नाही, त्याची किल्ली राज्याच्या तिजोरीत आहे, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

उलट, स्वतंत्र राहणे परवडते ते कोणाला? ज्या शाळेच्या परिसरात घरे महाग आहेत, पालक वकील, वैद्य आणि अभियंते आहेत, आणि एका संध्याकाळच्या समारंभात हजारो डॉलर जमतात, तिला. तिला महासंघाची नियमावली नको असते, कारण घटना लिहिणारा वकील तिच्या सभासदांतच असतो. तिला कायदेमंडळाकडे जाण्याची निकड नसते, कारण संगीतशिक्षकाचा पगार सरकारने नाकारला तर ती स्वतः वर्गणी काढू शकते. चार मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत पालक दोन-दोन पाळ्यांत राबतात. तेथे संगीतशिक्षक गेला तो गेलाच. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने या विषमतेवर एक उपाय अनेक वर्षे चालविला होता: पालकांनी शिक्षकांच्या पगारासाठी जमविलेल्या रकमेतले पहिले दहा हजार डॉलर त्यांचे त्यांना, आणि त्यावरच्या रकमेचा एकतृतीयांश हिस्सा गरीब शाळांच्या सामायिक निधीला. तो नियम सर्वांना रुचला नाही आणि पुढे सोडून देण्यात आला. पण त्याने प्रश्न उघडा केला तो कायमचा. आपल्या मुलासाठी धावणे हा वात्सल्याचा सहजधर्म आहे. त्याला सार्वजनिक कार्याची प्रतिष्ठा आणि सरकारची करमाफी मिळवायची असेल, तर शेजारच्या शाळेतल्या मुलाचाही काही हक्क त्यावर पोहोचला पाहिजे.

आपल्याकडे या बाबतीत निवड अशी नाहीच. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या आणि त्यांत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. खाजगी शाळांच्या फीवर नियंत्रण आणणाऱ्या महाराष्ट्राच्या २०११ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ अनिवार्य केला, त्यात प्रत्येक पालकाला सभासद मानले, आणि कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडावेत असे ठरविले. हा बंदोबस्त उपयुक्त आहे. परंतु त्याची सारी मांडणी एकेका शाळेच्या आवारापुरती आहे. शाळाशाळांच्या संघांना एकत्र बांधण्याचे काम कायद्याने आपल्यासाठी करून ठेवलेले नाही. ज्या प्रांताने गावची सहकारी सोसायटी, जिल्ह्याची मध्यवर्ती बँक आणि राज्याची शिखर बँक ही उतरंड उभी केली, आणि तिचे गुण व दोष दोन्ही भोगले, त्याला महासंघाची कल्पना समजावून सांगण्याची गरज नसावी. उत्तर अमेरिकेतल्या आपल्या लोकांना तर ती मुळीच नाही: तेथील गावोगावची महाराष्ट्र मंडळे आपापला कारभार आपण पाहतात आणि १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली एकत्रही येतात. सणासाठी जे आपण करतो ते शाळेसाठी करायला हरकत कोणती?

तेव्हा माझा निर्णय मी असा देतो. संपन्न शाळेच्या पालकसंघाने संलग्नच राहावे, कारण त्याची वर्गणी ही त्याच्या सोयीची किंमत नसून इतर मुलांच्या वतीने भरलेला वाटा आहे. गरीब शाळेच्या संघाला तो वाटा जड जात असेल, तर त्याने खुशाल स्वतंत्र राहावे आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. मात्र त्याने आपली लेखी घटना, दरसालची हिशेबतपासणी आणि आसपासच्या चार शाळांशी नियमित भेट, एवढी तीन पथ्ये पाळावीत. आणि जे आधीच संलग्न आहेत त्यांनी राज्याच्या अधिवेशनाला आपला प्रतिनिधी पाठवावा, न पटणाऱ्या धोरणाविरुद्ध तेथे उभे राहून बोलावे; नुसता वाटा भरून गप्प राहणाऱ्या संघांनीच महासंघाला वसुलीचे कार्यालय बनविले आहे.

शेवटी, पालक म्हणून ज्यांना अशा ठरावावर मत द्यावे लागणार आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. हात वर करण्यापूर्वी संघाच्या गेल्या वर्षाच्या सभांची इतिवृत्ते मागून घ्या आणि आपल्या शाळेबाहेरच्या मुलांसंबंधी एखादा तरी ठराव त्यांत सापडतो का ते पाहा. सापडला, तर तो तडीस नेण्यास ज्या व्यवस्थेचे बळ अधिक मिळेल तिच्या बाजूने मत द्या. न सापडला, तर संलग्नतेचा वाद तूर्त तहकूब करा आणि तसा पहिला ठराव त्याच सभेत स्वतः मांडा.